धक्का कमी, नेम पक्का

अमेरिकेत नोव्हेंबर उजाडला की पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात बंदुकांच्या दुकानांतून गर्दी होऊ लागते, आपल्याकडे दिवाळीआधी कापडाच्या दुकानांत होते तशीच. हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आलेला असतो. पहिल्यांदाच शिकारीला निघालेला माणूस काउंटरपाशी येतो आणि बहुधा एकच प्रश्न विचारतो : ‘सगळ्यात जोरदार काडतूस कोणतं?’ प्रश्न स्वाभाविक आहे. पण मी त्या राज्यात बरीच वर्षं राहतो आहे, तिथल्या एका नेमबाजी क्लबात नवशिक्यांना शिकवतो आहे, आणि माझं मत असं की हा प्रश्न उलटा विचारायला हवा. हरणाला पुरेल असं सगळ्यात सौम्य काडतूस कोणतं? आज त्याविषयीच बोलायचं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं चितळ, सांबर, काळवीट यांच्या शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मी बोलतो आहे ते अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल. बेसुमार शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही हरणं काही लाखांवर आली होती. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या आसपास असावी असा अंदाज आहे. देशाच्या पूर्व भागातून लांडगे जवळजवळ नाहीसे झाले, त्यामुळे हरणांवर निसर्गाचा वचक उरलेला नाही. शेतं खाल्ली जातात, जंगलातली कोवळी रोपं वाढत नाहीत, आणि रस्त्यांवर मोटारींना धडकणाऱ्या हरणांचा आकडा वर्षाला दहा लाखांच्या पुढे जातो. म्हणून सरकारच परवाने देतं, मोसम ठरवतं, आधी प्रशिक्षण घ्यायला लावतं. १९३७ च्या एका कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा वन्यजीवांच्याच कामी येतो.

तरीही जिवंत प्राण्याला मारणं ही हलक्यानं घ्यायची गोष्ट नव्हे. ज्यांना ती मुळातच मान्य नाही, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण मारायचं ठरलंच, तर जनावर तडफडत राहू नये एवढी जबाबदारी चाप ओढणाऱ्यावर येते. काडतुसाची निवड ही त्या जबाबदारीचाच भाग आहे.

आता हरीण गोळीनं मरतं म्हणजे नेमकं काय होतं? सिनेमात गोळी लागलेला माणूस मागे फेकला जातो. ते खोटं आहे. गोळी जेवढ्या जोरानं पुढे जाते, तेवढाच संवेग बंदुकीच्या दस्त्यातून आपल्या खांद्यावर येतो. हा न्यूटनचा तिसरा नियम. शाळेत आपण सगळ्यांनीच तो पाठ केलेला आहे. तेव्हा गोळीनं हरीण उलथून पडत असतं, तर ती झाडणारा माणूसही उलथून पडला असता. हरीण मरतं ते फुप्फुसं किंवा हृदय फाटून, रक्तदाब एकदम उतरून. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या निम्म्या भागात, साधारण वीस सेंटिमीटर व्यासाची जागा असते. घरातली नाश्त्याची बशी डोळ्यांसमोर आणा, तेवढीच. गोळी त्या बशीत लागली तर हरीण पन्नास-शंभर पावलं धावतं आणि काही सेकंदांत कोसळतं. तीच गोळी वीतभर मागे, पोटात लागली, तर ते दाट झाडीत निघून जातं आणि कित्येक तासांनी, कुठंतरी एकटं मरतं. पोटात लागलेल्या गोळीला मग ती कितीही जोरदार असो, काही अर्थ उरत नाही. अनुभवी शिकारी अशा वेळी लगेच माग काढत नाहीत. पाठलाग केला तर जनावर आणखी लांब जातं, म्हणून ते तासन्‌तास थांबतात. तो वेळ कसा जातो हे ज्यानं काढला आहे त्यालाच ठाऊक.

म्हणजे प्रश्न येऊन थांबतो त्या बशीपाशी. आणि इथंच बंदुकीचा धक्का आडवा येतो.

धक्का मोजता येतो. ३.६ किलो वजनाची एकच रायफल धरली आणि वेगवेगळ्या काडतुसांचा हिशेब मांडला तर असं दिसतं : .२४३ विंचेस्टर या छोट्या काडतुसाचा धक्का सुमारे १२ जूल, जर्मन ७×५७ चा १७ जूल, अमेरिकेत सर्वाधिक नावाजलेल्या .३०-०६ चा २७ जूल आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा ३७ जूल. शेवटचा आकडा ७×५७ च्या दुपटीहून जास्त आहे. हरीण मात्र तेच, साठ-सत्तर किलोचं. पूर्वेकडच्या जंगलात झाडी दाट असल्यानं ते दिसतं शंभर मीटरच्या आतबाहेर. तेवढ्या अंतरावर या चौघांपैकी कोणतीही गोळी योग्य जागी लागली, तर परिणामात जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

इथं एक गंमत आहे. चाप ओढल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाचे काही हजारावे भागच लागतात. एवढ्या वेळात रायफल मागे सरकते ती अगदी थोडी. खांद्याला दणका बसतो तेव्हा गोळी निघून गेलेली असते. मग धक्क्यानं नेम चुकतो कसा? चुकतो तो धक्क्याच्या भीतीनं. दोन-चार दणके खाल्ले की शरीर शहाणं होतं. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे आपोआप मिटतात, खांदा पुढे ढकलला जातो, बोट चाप हळूच दाबण्याऐवजी हिसडतं. हे सगळं गोळी सुटण्याच्या आधी घडतं, आणि करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

पत्ता लावायची एक जुनी युक्ती आहे. शिकणाऱ्याच्या नकळत खऱ्या काडतुसांमध्ये एखादं खोटं, दारू नसलेलं काडतूस मिसळून द्यायचं. ते नळीत आलं आणि चाप ओढला की नुसता ‘टक्’ असा आवाज होतो. धक्का नाही, स्फोट नाही, पण रायफलचं तोंड मात्र खाली झुकलेलं दिसतं. चांगले आडदांड गडी त्या क्षणी ओशाळतात. ‘मला धक्क्याचं काही वाटत नाही’ असं म्हणणाऱ्यांवर मी ही युक्ती हमखास करून पाहतो.

शेजारच्या एका गृहस्थांनी चौदा वर्षांच्या मुलीला क्लबात आणलं होतं. सोबत त्यांची स्वतःची .३०० मॅग्नम. मुलगी अंगानं किरकोळ, पण जिद्दीची. पाच गोळ्या झाडल्या आणि कागदावर त्या इतक्या विखुरल्या होत्या की बशी सोडा, जेवणाच्या ताटातही मावल्या नसत्या. खांदा लाल झाला होता. वडील म्हणाले, ‘सवय होईल.’ मी त्यांना म्हटलं, सवय होते, पण ती डोळे मिटण्याची. दुसऱ्या आठवड्यापासून तिला .२२ ची छोटी रायफल दिली. तिला धक्का असा नसतोच. महिनाभर तिनं फक्त श्वास रोखणं आणि चाप हळूच दाबणं एवढंच केलं. मग हातात दिली ७×५७. खोट्या काडतुसाच्या परीक्षेत रायफलचं तोंड जागचं हललं नाही. त्या मोसमात तिनं सत्तर मीटरवरून एक मादी टिपली. हरीण चाळीसेक पावलं गेलं आणि पडलं.

ही ७×५७ माझ्या आवडीची, त्यामुळे तिच्याविषयी दोन शब्द जास्त बोलेन. सात मिलिमीटरची गोळी आणि सत्तावन्न मिलिमीटर लांबीची पितळी पुंगळी, म्हणून हे नाव. जर्मनीतल्या पाउल माउझरनं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बनवलं आणि १८९३ मध्ये स्पेनच्या सैन्यानं ते स्वीकारलं. १ जुलै १८९८ ला क्यूबात सान हुआन टेकडी आणि एल काने इथं मूठभर स्पॅनिश सैनिकांनी याच काडतुसाच्या रायफलींनी अमेरिकी फौजेला रोखून धरलं. त्या एका दिवसात हजारावर अमेरिकी सैनिक ठार किंवा जखमी झाले. अमेरिकेनं त्यातून असा धडा घेतला की पुढे आपली १९०३ ची रायफल बनवताना माउझरचीच रचना उचलली आणि त्यापायी त्या कंपनीला पैसेही मोजले. दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी इंग्रजांना हैराण केलं तेही या काडतुसानं.

इंग्रजांना शत्रूच्या काडतुसाचं जर्मन नाव नको होतं की काय कोण जाणे, पण लंडनच्या रिग्बी कंपनीनं तेच काडतूस .२७५ रिग्बी या नावानं विकलं. जिम कॉर्बेटची पुस्तकं मराठीतून वाचलेल्यांच्या कानांना हे नाव ओळखीचं वाटेल. कुमाऊंमधली चंपावतची नरभक्षक वाघीण कॉर्बेटनं १९०७ मध्ये मारली. तेव्हा संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्याला रायफल भेट दिली ती हीच, .२७५ रिग्बी. स्कॉटिश शिकारी बेल यानं तर आफ्रिकेत शेकडो हत्ती या काडतुसानं मारले. हस्तिदंतासाठी केलेल्या त्या कत्तलीचं कौतुक मला नाही, आणि हत्तीसाठी हे काडतूस कुणी वापरावं असंही नाही. पण त्याचं तंत्र लक्षात घेण्याजोगं आहे. हत्तीच्या कवटीची रचना त्यानं बारकाईनं अभ्यासली होती, आणि सौम्य धक्क्याच्या रायफलीनं गोळी नेमकी मेंदूत जात असे. अमेरिकेत जॅक ओ’कॉनर हा शिकारीवरचा गाजलेला लेखक आयुष्यभर .२७० या काडतुसाचा पुरस्कार करत राहिला. त्याची बायको एलिनॉर मात्र ७×५७ घेऊन शिकार करी.

या यशाचं गुपित गोळीच्या आकारात आहे. ती लांबट आणि सडपातळ आहे. तेवढ्याच वजनाची गोटी आणि दाभण यांत कापडातून आरपार काय जाईल, ते सांगायला नको. हरणासाठी ९ ग्रॅमची, आत गेल्यावर कळीसारखी उमलणारी गोळी उत्तम. शिशाचे कण मांसात राहू नयेत म्हणून अलीकडे बरेच जण पूर्ण तांब्याची गोळी घेतात, तीही चालते.

तिचं सख्खं भावंडं शोभावं असं दुसरं काडतूस म्हणजे १८९४ चं स्वीडिश ६.५×५५. स्वीडन आणि नॉर्वे तेव्हा एकाच राजाखाली होते, आणि दोघांनी मिळून ते ठरवलं. धक्का ७×५७ एवढाच, किंवा जरा कमी. स्वीडनमध्ये घोड्याएवढ्या मूसची शिकारही त्यानं होते. तिथल्या कायद्याच्या अटी पाळण्यासाठी १०.१ ग्रॅमची गोळी वापरतात. बाकीची थोडक्यात सांगतो. १८९५ चं .३०-३० सौम्य आणि भरवशाचं, पण दीडशे मीटरच्या पुढे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. १९३४ चं .२५७ रॉबर्ट्‌स हे ७×५७ च्याच पुंगळीचं तोंड बारीक करून बनवलेलं. फार गोड काडतूस, पण मिळता मिळत नाही. .२४३ चा धक्का सगळ्यांत कमी. लहान मुलांना ते सर्रास देतात, पण गोळी हलकी असल्यानं तिरप्या कोनातून नेम धरायला वाव राहत नाही. नवशिक्यापेक्षा ते जाणत्याच्या हातात शोभतं, असं माझं मत.

धक्का नुसत्या काडतुसावर ठरत नाही, हेही सांगायला हवं. रायफल हलकी असेल तर तेच काडतूस जास्त दणका देतं. वजन दुप्पट केलं तर धक्क्याची ऊर्जा निम्मी होते. दस्ता लांब असला तर लहान चणीच्या माणसाला तो खांद्यात नीट बसवता येत नाही. म्हणून बाईमाणसाला किंवा मुलांना घरातली जुनी रायफल तशीच हाती देऊ नये, दस्ता कापून मापात करून घ्यावा आणि मागे रबराची गादी बसवावी. कानांवर संरक्षण तर हवंच. रायफलीचा आवाज दीडशे डेसिबलच्या पुढे असतो, आणि पुष्कळदा माणूस धक्क्यापेक्षा त्या आवाजालाच दचकतो.

७×५७ घेणाऱ्यानं आणखी एक पाहावं. १८९३ च्या धर्तीच्या जुन्या लष्करी रायफली अजून वापरात आहेत आणि त्यांना जास्त दाब सोसत नाही. म्हणून अमेरिकेतल्या कारखान्यांची ही काडतुसं मुद्दाम कमी दाबाची भरलेली असतात. युरोपातली कडक असतात. ती नव्या रायफलीतच वापरायची, जुनी रायफल आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्याला दाखवायची. दुकानात ७×५७ नाहीच मिळालं, तर १९८० मध्ये आलेलं ७ एमएम-०८ घ्यावं. काम जवळजवळ तेच. मात्र नावात ‘७’ असलेली काडतुसं बरीच आहेत, आणि ती एकमेकांच्या रायफलीत चालत नाहीत. नळीवर कोरलेलं नाव आणि पुंगळीच्या बुडावर कोरलेलं नाव, ही दोन्ही उजेडात धरून, चष्मा लावून, स्वतः वाचावीत. दुकानदार घाईत असतो.