चुलीवाली

पहाटे ४:४५

गजर व्हायच्या आधीच जाग येते. चहाला उकळी येईपर्यंत पाठपिशवी तपासून घेते: चार्ज केलेले सेल, रिकामी मेमरी कार्डं, जीपीएस, कागदी पाकिटं, डायरी, पाण्याच्या दोन बाटल्या, पोळी-भाजीचा डबा. बोरिवली पूर्वेला राहते, त्यामुळे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं फाटक चालत वीस मिनिटांवर. एवढ्या पहाटेही फिरायला येणाऱ्यांची तिथे लगबग सुरू झालेली असते.

आत दादा थांबलेले असतात. ते इथल्याच पाड्यावरचे, वारली. बिबट्याला ते ‘वाघ’च म्हणतात, पाड्यावर सगळेच म्हणतात. मला जंगल कळतं ते बरंचसं त्यांच्या मागे मागे चालून.

सकाळी ६:३०

तुळशी तलावाच्या बाजूच्या वाटेवर पहिलं ठिकाण. वाटेच्या दोन्ही कडांना, झाडांच्या बुंध्यांना, गुडघ्याच्या जरा खाली एकेक कॅमेरा बांधलेला. दोन्ही अगदी समोरासमोर नसतात, थोडे पुढेमागे असतात, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो जाळतो. आणि दोन का, तर बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके वेगवेगळे असतात. एकच बाजू टिपली, तर एका जनावराची दोन जनावरं मोजली जाण्याचा धोका.

पेटी उघडली. आत मुंग्यांनी अंडी आणून ठेवली होती, ती हलक्या हाताने झाडली. सेल बदलले, कार्ड बदललं, कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवलं. मग दादा दोन्ही हात टेकून वाटेवरून रांगत गेले आणि लाल दिवा लुकलुकला. माणूस चालत गेला की दिवा लागतोच. चार पायांवरच्या उंचीला लागतो का, हे असं रांगूनच बघावं लागतं.

कार्ड तिथल्या तिथे बघायचा मोह मला आवरत नाही. चितळ, चितळ, वानराचा हात, मोळी घेऊन निघालेल्या दोघी, कांडेचोर. आणि परवा रात्री २:१७ ला ती.

खांद्यामागे, डाव्या बरगडीवर तीन ठिपके असे बसलेत की तीन दगडांची चूल मांडलीय. वरचा दगड जरा कलता. चुलीच्या पोटात एक बारीक काळं टिंब, निखारा राहिल्यासारखं. पहिल्यांदा हा फोटो दाखवला तेव्हा दादा म्हणाले, “ही तर चुलीवाली.” आमच्या यादीत तिला क्रमांक आहे, पण दादांच्या तोंडून ते नाव पडल्यापासून मला क्रमांक आठवायला वेळ लागतो. या फोटोत तिचं पोट भरलेलं दिसतंय, मान खाली, पुढचा उजवा पाय उचललेला.

या जंगलात बिबटे मोजायचे ते असे, एकेकाला ओळखून. २०१५ च्या अभ्यासात कॅमेऱ्यांनी ३५ वेगवेगळे बिबटे टिपले होते, २०१८ च्या अभ्यासात ४७. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, आणि तिन्ही बाजूंनी शहर. बिबट्यांची इतकी दाट वस्ती जगात फार थोड्या ठिकाणी आहे. हिशेबाची पद्धत लोकल पकडणाऱ्या कुणालाही कळेल. रोज एकाच डब्यात चढलं की पहिले काही दिवस सगळे चेहरे नवे असतात, मग तेच तेच दिसू लागतात. नवे चेहरे किती उशिराने येतात आणि जुने किती वेळा परततात, यावरून न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो.

सकाळी ८:१५

दादा थबकले. वाटेच्या मधोमध विष्ठा, वाळून पांढरट झालेली, शेजारी मागच्या पायांनी ओढलेला ओरखडा. मोजमाप, जीपीएस, पाकीट, पाकिटावर तारीख. नंतर ती धुऊन त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. चितळाच्या केसाची आतली नळी वेगळी, सांबराची वेगळी, कुत्र्याची वेगळी. जंगलाच्या कडेला उचललेल्या पाकिटांतून कुत्र्याचे केस हटकून निघतात.

सकाळी १०:३०

ऊन चढलं. सहाव्या ठिकाणच्या कार्डावर शेकडो फोटो, आणि त्यात फक्त हलणारं गवत. तापलेली पाती वाऱ्याने डोलली की कॅमेऱ्याला जनावर वाटतं. दादांनी गवत कापलं. गेल्या वर्षी इथलाच कॅमेरा कुणीतरी साखळी तोडून नेला होता. वस्तूचे पैसे भरून काढता येतात, पण त्या कार्डावरच्या रात्री गेल्या त्या गेल्याच. इथून कोण गेलं, सोबत पिल्लं होती का, हे आता कुणालाच कळणार नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुपारी १२

ओढ्याच्या कोरड्या पात्रात, सावलीत डबा. आजूबाजूला कारवीच्या वाळक्या काठ्या. आठ वर्षांनी एकदा फुलणारी इथली कारवी २०१६ नंतर २०२४ च्या पावसाळ्यात फुलली, बी टाकून वाळून गेली. दादांच्या आईच्या घराच्या कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या, शेणामातीने लिंपलेल्या. खाता खाता ते वाघबारशीचं सांगत होते. वाघोबाला नारळ देतात, आमच्या गुरांकडे बघू नको म्हणतात. “आणि बघितलंच तर?” मी विचारलं. “मग आमचंच काही चुकलं असेल, ताई.”

दुपारी २:३०

खोलीवर संगणकापुढे. माणसांचे फोटो बाजूला, रिकामे बाजूला, मग जनावरं एकेक करून. साळिंदर, भेकर, उद्यानात शिरलेली कुत्र्यांची टोळी. चार वाजता वाघाटी! जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांपैकी एक, घरच्या मांजरापेक्षाही छोटी, अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके. एकच फोटो, अर्धं अंग झाडाआड. खुर्ची सरकवून शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावलं, सगळे जमले. बिबट्याच्या बातम्या होतात, हिची होत नाही. पण पहिल्या अनुसूचीचं संरक्षण वन्यजीव कायद्याने दोघांनाही दिलंय.

संध्याकाळी ५:१०

मुलुंडच्या एका सोसायटीतून फोन: परवा रात्री सीसीटीव्हीत बिबट्या दिसलाय, लोक घाबरलेत, कुणीतरी या. उद्यानाच्या या अंगाहून त्या अंगाला बिबट्या एका रात्रीत जाईल. मला पवईवरून वळसा घालून जायला दीड तास लागतो.

संध्याकाळी ७:३०

गच्चीखालच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं. सेक्रेटरी काकांनी चित्रण लावलं. कंपाउंडच्या भिंतीवरून एक बिबट्या उतरला, उजवीकडून डावीकडे गेला. कोपऱ्यात वेळ २:३५.

“काका, हे घड्याळ बरोबर आहे?”

त्यांनी मोबाइलशी ताडून बघितलं. चार मिनिटं पुढे. म्हणजे २:३१. त्याच रात्री २:१७ ला चुलीवाली तुळशीपाशी होती. चौदा मिनिटांत मधलं अख्खं जंगल ओलांडून ती इथे येणं शक्य नाही. हा बिबट्या दुसरा.

“दुसरा असो की तिसरा,” काका म्हणाले, “पिंजरा लावायला सांगा ना तुमच्या साहेबांना.”

त्यांचा राग मला समजतो. त्यांचा नातू पाच वर्षांचा आहे, मागच्या रिकाम्या जागेत खेळतो. म्हणून मी घाई न करता जुन्नरचं सांगितलं. तिथे पकडलेले बिबटे लांबच्या जंगलांत नेऊन सोडले, आणि जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले, हे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आलं. २००४ मध्ये याच उद्यानाच्या भोवती हल्ल्यांत किती जीव गेले, ते हॉलमधल्या वयस्कर मंडळींना आठवत होतं. इथल्या बिबट्याला इथली कुत्री, भिंती, रहदारी, माणसांच्या वेळा माहीत असतात. तो उचलला की रिकाम्या जागी येणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं, आणि उचललेल्यालाही नव्या जागी काही ठाऊक नसतं.

मग वॉचमनना घेऊन सगळे मागे गेलो. भिंतीला लागून कचऱ्याचा ढीग, त्यावर सात-आठ कुत्री, एकुलता एक दिवा बंद. मला फार बोलावं लागलं नाही. दिवा उद्याच, कचरा आठवड्याभरात, मुलं अंधार पडायच्या आत घरात, आणि काही झालं तर वन विभागाचा १९२६, एवढं ठरलं. काका पूर्ण पटल्यासारखे वाटले नाहीत. पिंजऱ्याचा अर्ज मात्र त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

निघताना एका आजींनी हात धरला. “बाई, मादी आहे का गं ती? पिल्लं असतील का तिला?”

“आजी, मला नाही सांगता येत अजून.”

रात्री १०:४५

घरी येऊन चित्रण एकेक चौकट करून बघितलं. दिसते ती डावी बाजू, पण पांढरी पडलेली. मुलुंडच्या बाजूच्या सगळ्या नोंदींशी लावून बघितली, एकही ठिपका धड जुळत नाही.

बिबट्या चौकटीबाहेर गेल्यावर लोकांनी चित्रण थांबवलं होतं. मी चालू ठेवलं. सोळा सेकंदांनी भिंतीच्या वरच्या काठावर दोन बारीक चमक, डोळ्यांच्या अंतरावर. तीन चौकटींपुरत्या, मग काही नाही. मांजरही असू शकेल. डायरीत लिहिलं: पिल्लू? खात्री नाही.

त्या बीटच्या वनरक्षकांना कळवलं, म्हणजे पहाटेच्या गस्तीला तिकडे आवाज कमी ठेवतील. उद्या दोन कॅमेरे त्या भिंतीच्या पलीकडच्या वाटेवर बांधायचे आहेत, या वेळी आणखी चार बोटं खाली. सोळा सेल चार्जिंगला लावले.