प्लास्टिकच्या पोटातला वाख

अंबाडीच्या पेंढ्या डोहात दगडाखाली दाबून कुजत घालायच्या, साल सुटली की धुऊन वाख काढायचा आणि त्याचे दोर वळायचे, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. भिंती लिंपताना चिखलात भुसा कालवणाऱ्यांनाही ठाऊक होतं, की नुसती माती वाळली की तडकते आणि काडीनं धरून ठेवली की टिकते. युरोपात मोटारींच्या दारांना आतून जी पॅनेलं बसवतात, त्यांतली कित्येक याच युक्तीनं बनतात. चिखलाच्या जागी प्लास्टिक, भुशाच्या जागी जवसाचा वाख. होय, विदर्भात तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतात तेच जवस. फ्रान्स-बेल्जियमकडे मात्र वाखासाठी राखलेली त्याची उंच, सरळसोट जात घेतात.

एरवी प्लास्टिकला बळ द्यायला काचेचे तंतू वापरतात. त्यांची घनता पाण्याच्या अडीचपट, जवसाच्या तंतूची साधारण दीडपट. म्हणून वस्तू हलकी होते. पण काचेचा तंतू कारखान्यात ओढलेला, एकासारखा एक. जवसाचा तंतू म्हणजे एकेकाळची जिवंत पेशी: जाडी जेमतेम १५-२० मायक्रॉन, लांबी मात्र काही सेंटिमीटर! प्लास्टिकमध्ये दाबल्यावर तिचं काय होतं? कापून पाहावं, तर दिसलेली चीर आधीची की पात्यानं पाडलेली, हे सांगता येत नाही.

म्हणून क्ष-किरण. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्रानं पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन काढले. तीच कल्पना इथं आगकाडीहून बारीक तुकड्यावर वापरतात. दवाखान्यात यंत्र माणसाभोवती फिरतं, इथं तुकडाच गिरकी घेतो. अर्ध्या फेरीत हजारभर किंवा अधिक छायाचित्रं निघतात आणि संगणक त्यांतून आतलं सगळं त्रिमितीत उभं करतो. दोन मिलिमीटरचा ठोकळा एक-एक मायक्रॉनच्या कणांत मांडला, तर ८०० कोटी कण होतात. तांदळाच्या दाण्याहून लहान तुकड्यात एवढा पसारा!

अडचण निराळीच येते. काचेत सिलिकॉन, कॅल्शियम असतं, त्यामुळे ती क्ष-किरणांना अडवते आणि ठसठशीत दिसते. वाख आणि प्लास्टिक दोन्ही मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांची बनलेली, क्ष-किरणांच्या लेखी जवळजवळ एकच. दुधात पांढरा दोरा शोधावा तसं. त्यावरचा उपाय मला या साऱ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. किरण किती अडले हे न बघता ते किती डगमगले हे बघायचं. एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना किरणाची लाट किंचित मागेपुढे होते, आणि पुढे काही अंतरावर पडदा धरला की तंतूच्या काठावर उजळ रेघ उमटते. उन्हात पाण्याच्या तळाशी प्रकाशाच्या रेषा नाचतात ना, त्यांच्याच जातीची. यासाठी सुसंगत, प्रखर किरण लागतात. ते फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ८४४ मीटर घेराच्या सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनना वर्तुळात पळवून क्ष-किरण काढणाऱ्या यंत्रात, मिळतात. आपल्या इंदूरच्या ‘इंडस-२’ सिंक्रोट्रॉनवरही अशा चित्रणाची सोय आहे.

मग आत काय दिसतं? काचेच्या तंतूचा छेद गोल असतो. जवसाचा पाच-सहा कोनांचा, कारण खोडात शेजारच्या पेशींनी दाटीवाटीनं दाबून त्याला तो आकार दिला. मधोमध बारीकशी पोकळी, जिथं पेशीचा जीव होता. काही तंतू सुटे, काही अजून जुडीतच, कारण कुजवताना त्यांच्यातला नैसर्गिक डिंक पुरता सुटलेला नसतो. साच्यात प्लास्टिक वाहत आलं तेव्हा भिंतीलगतचे तंतू प्रवाहाच्या दिशेनं निजले आणि मधले आडवे झाले. पुराच्या पाण्यातली लाकडं थिजून जावीत तसे. ओल मिळाली की तंतू आजही पाणी पितो, जाडीनं फुगतो. वाळला की आकसतो आणि प्लास्टिकपासून सुटून भोवती फट सोडतो. प्लास्टिकमध्ये कोंडला तरी त्याची तहान गेलेली नसते.

तंतूच्या अंगावर जागोजागी मुरडीही असतात. त्यांतल्या बऱ्याचशा मळणी-झोडणीत पडतात, आणि तंतूला कमकुवत करणाऱ्या जागा बहुधा त्याच.

हाच वाख किती टिकतो, याचं उत्तर मात्र एका जुन्या धाग्यात सापडलं. इजिप्तच्या अकराव्या राजघराण्याच्या काळातलं, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचं, मृतासोबत ठेवलेलं जवसाचं वस्त्र. त्याचा धागा संशोधकांनी आजच्या धाग्याशेजारी ठेवून नॅनोटोमोग्राफीनं (याच क्ष-किरण चित्रणाचा अधिक सूक्ष्म प्रकार) आणि सूक्ष्मदर्शकांनी तपासला. निष्कर्ष २०२१ साली छापून आले. नाईलकाठच्या त्या अनाम हातांनी तंतू कमालीचे बारीक सोलले होते आणि ते इतक्या काळानंतरही आश्चर्य वाटावं इतके शाबूत होते.