मेंदूतील दुय्यम अर्बुदे, पचन तंत्राच्या कर्करोगातील : शस्त्रक्रिया

अन्ननलिका, जठर, बृहदांत्र (मोठे आतडे) किंवा गुदांत्र यांच्या कर्करोगातील कोशिका (पेशी) रक्तावाटे मेंदूत पोहोचून तेथे वाढू लागल्या म्हणजे होणाऱ्या गाठींना दुय्यम अर्बुदे किंवा प्रक्षेप म्हणतात. फुप्फुस व स्तन यांच्या कर्करोगांच्या मानाने पचन तंत्राच्या कर्करोगात ते विरळा आढळतात. बृहदांत्र व गुदांत्र यांच्या कर्करोगात त्यांचे प्रमाण सु. १ ते ४ टक्के असते. आतड्यांतील बहुतेक रक्त प्रथम यकृतातून व नंतर फुप्फुसांतून जात असल्याने रोग मेंदूत सहसा उशिरा पोहोचतो.

लक्षणे व निदान : डोकेदुखी, उलट्या, आकडी, एका अंगाचा दुबळेपणा व तोल जाणे ही प्रमुख लक्षणे होत. उलट्यांचा संबंध पोटातील मूळ रोगाशी जोडला गेल्यास निदान लांबते. ही अर्बुदे निमस्तिष्कात (लहान मेंदूत) बऱ्याच वेळा आढळतात. तेथील गाठीमुळे मस्तिष्क-मेरुद्रवाचा मार्ग अडून जीवितास त्वरित धोका उद्भवू शकतो. एमआरआय तपासणीत गाठ दिसते. तथापि भारतात क्षयाची गाठ आणि पट्टकृमीच्या डिंभाची पुटी यांचे चित्रही तसेच असू शकते. म्हणून शंका असल्यास ऊतकपरीक्षा आवश्यक ठरते.

शस्त्रक्रिया : गाठ एकच व सुगम जागी असणे, इतरत्र रोग आटोक्यात असणे आणि रुग्णाची सर्वसाधारण प्रकृती चांगली असणे, या गोष्टी पाहून रुग्ण निवडतात. मोठी, दाब निर्माण करणारी गाठ काढल्यास लक्षणे लवकर उतरतात. अमेरिकेत पॅचेल व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया व किरणोपचार मिळालेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान ४० आठवडे, तर केवळ किरणोपचार मिळालेल्यांचे १५ आठवडे होते. प्रारंभीच्या ५४ रुग्णांपैकी ६ जणांच्या गाठी प्रक्षेप नव्हत्याच, असे ऊतकपरीक्षेत आढळले. यांतील बहुतेक रुग्ण फुप्फुसाच्या कर्करोगाचे असल्याने हे निष्कर्ष पचन तंत्राच्या कर्करोगास सावधपणे लावावे लागतात. शस्त्रक्रियेनंतर रिकाम्या झालेल्या जागेवर नेमका किरणोपचार दिल्यास तेथे गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण घटते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. अनेक गाठी किंवा सर्वत्र पसरलेला रोग असल्यास मात्र शस्त्रक्रियेचा लाभ मर्यादित असतो. तेव्हा किरणोपचार, औषधे व वेदनाशमन यांवर भर देतात.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. ग्रामीण भागासाठीची भारतातील पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली. लातूर जिल्ह्यातील देवणीसारख्या सीमावर्ती तालुक्यातील रुग्णास मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरातील रुग्णालय गाठावे लागते. त्यामुळे पचन तंत्राच्या कर्करोगावर उपचार झालेल्या व्यक्तीस नव्याने डोकेदुखी, आकडी किंवा तोल जाण्याचा त्रास सुरू झाल्यास मेंदूची तपासणी लांबणीवर न टाकणे महत्त्वाचे ठरते. शस्त्रक्रियेने मूळ रोग बरा होत नाही. परंतु योग्य वेळी निवडलेल्या रुग्णास तिच्यामुळे चालण्याबोलण्याची शक्ती व काही काळाचे आयुष्य मिळू शकते.