पाचटाची पाटी आणि पाटीमागचा धूर



'पाचट जाळू नका' ही पाटी आम्ही किती वर्षे रंगवत आलो, याचा हिशेब आता आम्हालाही लागत नाही. गट कार्यालयाच्या भिंतीवर आहे, वजनकाट्याजवळ आहे. आणि तोडणीची टोळी फडातून बाहेर पडली की दोन-तीन दिवसांत त्याच पाटीमागे धूर दिसतो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट, जमिनीचे खाणे, तासाभरात राख.

मेळाव्यात आम्ही म्हणत आलो, शेतकऱ्याला पटत नाही. ते खरे नव्हे. मागच्या हंगामात बांधावर बसून विचारले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हालाच विचारले, "साहेब, कालव्याची पाळी चार दिवसांवर आली, सरीत पाचट गच्च भरलंय, पाणी पुढं कसं सरकायचं? माणूस मिळंना. तुम्ही येता का ओढायला?" आम्ही गप्प बसलो. शेजाऱ्याने पेटवले तर आपलेही राहत नाही, हेही त्यांनीच सांगितले.

म्हणजे अडचण माहितीची नव्हती. वेळेची, मजुराची, शेजाऱ्याची होती. माणसाला पटते एक आणि हातून होते दुसरे, ते का, हे तपासणारे वर्तनशास्त्र आता सरकारेही वापरू लागली आहेत. ब्रिटनने २०१० साली त्यासाठी वेगळे पथक नेमले. आपल्या केंद्र सरकारच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत त्यावर अख्खे प्रकरण आहे. खेड्याला यात नवल नाही. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात शेजारचे गाव झाडून निघाले म्हणून आपलेही निघाले, भाषणाने नव्हे.

अवघड आहे ती खात्याची तयारी. पैठण रस्त्यावरची वाल्मी संस्था १९८० पासून पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यांना शिकवते. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना मोजून पाणी द्यायचे ठरले आणि दरवाजे-चाऱ्या जाणणाऱ्या अभियंत्याला शेतकऱ्यांच्या बैठकीत बसणे हेही काम झाले. हुकूम सोडणाऱ्या खात्याला विचारायची सवय लागणे सोपे नाही. आमचेच पाहा ना! पदविकेला माती तपासायला शिकलो, माणसाचे ऐकायला नाही.

आणखी एक कबुली. वरून रागावतील म्हणून आमच्या खात्यात पाचटाचे आकडे पूर्वी गोड करून लिहिले गेले. तसल्या आकड्यांवर कोणताच प्रयोग उभा राहत नाही. म्हणून चिटबॉयना सांगितले आहे, जळालेला फड 'जळाला' असाच लिहा, कोणालाही नोटीस निघणार नाही.

येत्या हंगामात निम्म्या गटांत तोडणीच्या आधी चिटबॉय फडावर येईल. पाचट एक आड एक सरीत कोण ओढणार, कोणत्या दिवशी, एवढेच विचारून तुमच्यासमोर लिहील. लगतच्या फडांची नोंद एकाच कागदावर होईल, म्हणजे शेजाऱ्याचे काय ठरले ते दोघांनाही दिसेल. उरलेल्या गटांत काम नेहमीप्रमाणेच. तोडणीनंतर पंधरा दिवसांनी दोन्हीकडे मोजणी होईल. फरक पडला नाही, तर तसेच याच अंकात छापू.

कोणते गट कुठे, हे सभासदांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरेल. ज्यांच्या फडाला तोडणीनंतर लगेच कालव्याची पाळी येते, त्यांनी पाळीची तारीख गट कार्यालयात लिहून द्यावी. तोडणी दोन दिवस मागे-पुढे करता येते का, ते पाहतो.