‘सॉरी’ म्हटलंत, पण स्कोअरचं काय?

क्रिकेटची मॅच पावसाने थांबली तर डकवर्थ-लुईस आहे, राखीव दिवस आहे. तेही नसेल तर ‘निसर्गापुढे कोणाचं चालतं?’ म्हणत आपण गप्प बसतो. पण ई-स्पोर्ट्सच्या फायनलमध्ये लाइट गेली, नेट गेलं, सर्व्हर बसला तर? ते निसर्गाच्या माथी मारता येत नाही. कोणीतरी वायरिंग तपासलेलं नसतं, कोणीतरी बॅकअप ठेवलेला नसतो. मग तासाभराने आयोजकांचं निवेदन येतं, ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ आणि फॅन्स तुटून पडतात.

तुम्ही बीजीएमआय, व्हॅलोरंट किंवा डोटाच्या मॅचेस बघत असाल तर हे चित्र तुम्हाला नवं नाही. घरच्यांना वाटतं, ‘गेमच तर आहे, त्यात एवढं काय चिडायचं?’ पण फॅन्सच्या चिडण्यातही एक हिशेब असतो. माफीत काय लिहिलंय यापेक्षा माफीनंतर काय झालं, हे ते बघतात. गाजलेल्या तीन प्रसंगांत तो हिशेब अगदी स्पष्ट दिसतो.

हीटर लावला आणि लाइट गेली

२३ जानेवारी २०१०, दक्षिण कोरिया. ‘स्टारक्राफ्ट : ब्रूड वॉर’ हा गेम तिथे तेव्हा चक्क टीव्हीवर दाखवला जायचा आणि त्यासाठी वेगळे चॅनल होते. त्यातल्या एमबीसी गेम या चॅनलच्या ‘एमएसएल’ लीगची ही फायनल. एका बाजूला १७ वर्षांचा ली यंग-हो, म्हणजे ‘फ्लॅश’. दुसऱ्या बाजूला २० वर्षांचा ली जे-डोंग. तुमच्याच वयाची ही दोन पोरं त्या काळात देशातली सर्वांत मोठी नावं होती. पाचपैकी तीन गेम जिंकायचे होते आणि स्कोअर झाला होता १-१.

तिसरा गेम ऐन रंगात असताना खेळाडूंचे कॉम्प्युटर बंद पडले. थंडीमुळे हॉलमध्ये लावलेल्या हीटरचा लोड विजेला झेपला नव्हता. लोडशेडिंग बघितलेल्या आपल्या लोकांना हे लगेच समजेल. पण देशातल्या सर्वांत मोठ्या फायनलमध्ये असं व्हावं?

आता पंचांपुढे प्रश्न होता. गेम पुन्हा खेळवायचा, की जो पुढे होता त्याला विजयी ठरवायचं? नियमात दुसरा पर्याय होता. जे-डोंगचं पारडं जड आहे असं ठरवून तो गेम त्याला दिला गेला. यंग-होच्या टीमने हरकत घेतली, पण निर्णय बदलला नाही. चौथा गेमही जे-डोंगने घेतला आणि ३-१ ने कप त्याच्याकडे गेला.

चॅनलने माफी मागितली. पण त्या माफीने मिळणार काय होतं? तुम्ही यंग-होचे फॅन असाल तर म्हणाल, ‘तो गेम अजून संपला नव्हता, आमचा पोरगा परत उभा राहिला असता.’ जे-डोंगचे फॅन असाल तर म्हणाल, ‘तो जिंकतच होता, मग त्याच्या कपावर हा डाग का?’ दोघांचंही बरोबर. चूक आयोजकांची, पण नुकसान हरलेल्याचंही झालं आणि जिंकलेल्याचंही.

कोरियन फॅन्सनी त्या फायनलला नावच ‘ब्लॅकआउटची मॅच’ असं पाडलं. त्याच वर्षी हे दोघे फायनल्समध्ये पुन्हा भिडले, यंग-हो जिंकलाही. २०१२ च्या सुरुवातीला एमबीसी गेम हे चॅनलच बंद झालं. ते नाव मात्र राहिलं. आज कोणी त्या फायनलचा विषय काढला की आधी हीटर आठवतो, मग खेळ.

पैसे परत, मॅच नंतर

दुसरा किस्सा लॉस एंजलिसचा, ऑक्टोबर २०१२ चा. ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची क्वार्टर फायनल, चीनची टीम डब्ल्यूई विरुद्ध युरोपची सीएलजी ईयू. नेट पुन्हा पुन्हा तुटत राहिलं. दोनदा गेम पहिल्यापासून सुरू करावा लागला. तिकीट काढून आलेले लोक तासन्तास बसून राहिले आणि शेवटी मॅच पुढे ढकलली गेली. दोन्ही टीम एकाच स्टेजवर, एकमेकांपासून काही फुटांवर बसलेल्या, तरी गेम चालत होता बाहेरच्या इंटरनेटवर! फॅन्सचा राग नेमका याच गोष्टीवर होता.

इथे आयोजक होती गेम बनवणारीच कंपनी, रायट. तिने माफी मागितली, तिकिटाचे पैसे परत दिले आणि अर्धवट मॅच काही दिवसांनी पूर्ण खेळवली. १३ ऑक्टोबरची फायनल नीट पार पडली. तैवानच्या तैपेई असॅसिन्सनी कोरियाच्या अझुबू फ्रॉस्टला ३-१ ने हरवलं. पुढे रायटने स्पर्धांसाठी बाहेरच्या नेटवर अवलंबून नसलेली यंत्रणाही उभी केली.

त्या दिवशी चिडलेले लोक हा खेळ सोडून गेले का? नाही. कारण ‘सॉरी’च्या मागोमाग तीन गोष्टी आल्या : पैसे, मॅच आणि दुरुस्ती.

दोष कोणाचा, राग कोणावर?

तिसरा प्रसंग डोटा २ च्या शांघाय मेजरचा, २०१६ चा. बक्षिसाची रक्कम ३० लाख डॉलर. पण सुरुवातीच्या दिवसांतच लांबलेल्या मॅचेस आणि बिघडलेला आवाज यामुळे प्रेक्षक वैतागले. मग गेमची मालक कंपनी व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी स्वतः लिहून जाहीर केलं की होस्ट जेम्स हार्डिंगला काढलंय आणि प्रॉडक्शन कंपनीलाही काढतोय.

कारवाई झटपट झाली, तीही स्पर्धा चालू असताना. तरी फॅन्समध्ये दोन तट पडले. प्रॉडक्शन कंपनी गेली याचं दुःख कोणाला नव्हतं. पण होस्टबद्दल न्यूएल यांनी जाहीरपणे अपशब्द वापरले होते, ते अनेकांना खटकलं. हार्डिंगचे विनोद आवडत नसतील, पण मॅचेस काही त्याच्यामुळे लांबल्या नव्हत्या. बिघाडाची जबाबदारी घेणं वेगळं आणि कोणाला तरी सगळ्यांसमोर झोडणं वेगळं. हा फरक फॅन्सना बरोबर कळतो.

आपल्याला तो नेहमी कळतो का, हा प्रश्न मात्र स्वतःला विचारा. स्ट्रीम अडकली की पहिली शिवी कोणाला जाते? कॅस्टरला. कारण तोच समोर दिसतो. जनरेटर कोणाचा घ्यायचा, नेटची दुसरी लाइन ठेवायची की नाही, हे त्याने ठरवलेलं नसतं. तो बिचारा तासभर काहीबाही बोलून वेळ मारून नेत असतो. राग योग्य असला तरी पत्ता चुकला, की खरा जबाबदार माणूस आरामात सुटतो.

उद्या माइक तुमच्या हातात

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण म्हणजे तुमच्यातले कित्येक जण या वर्षी फेस्टमध्ये ई-स्पोर्ट्सचे संयोजक असतील. ऑडिटोरियम, एकाच एक्स्टेन्शन बोर्डला लावलेला प्रोजेक्टर आणि स्पीकर, एकाच वाय-फायवर शंभर मोबाइल. गडबड होण्यासाठी आणखी काय लागतं? एंट्री फी भरून, रात्रभर सराव करून दुसऱ्या गावाहून आलेल्या टीमसाठी ती फायनलच असते.

म्हणून काही गोष्टी आधीच करा. रूम आयडी पाठवण्याआधी नियम पाठवा. नेट किंवा लाइट गेली तर मॅच पुन्हा होणार की पॉइंट धरणार, किती मिनिटं थांबणार आणि निर्णय कोण देणार, हे लिहून द्या. निर्णय देणारा माणूस फायनलमधल्या टीमचा मित्र नसावा. बक्षिसाची रक्कम कोणत्या तारखेपर्यंत मिळेल तेही सांगा. आदल्या दिवशी सगळे दिवे, एसी, स्पीकर एकदम चालू करून बघा. कोरियातल्या त्या हॉलमध्ये एवढं केलं असतं तरी पुरलं असतं.

आणि तरीही बिघडलंच, तर ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’ लिहून मोकळे होऊ नका. काय बिघडलं, कोणाचं नुकसान झालं, ते कसं भरून देणार आणि पुढच्या वेळी काय बदलणार, हे चार ओळींत लिहा. त्याखाली स्वतःचं नाव टाका. शिव्या तरीही पडतील. पण पुढच्या वर्षी त्या टीम परत येतील.