आभाळातली थकबाकी

१९७९ च्या जुलै महिन्यात आमच्या युसूफ वडगावात पेपर मोठ्याने वाचून दाखवण्याचा मान माझ्याकडे होता. मी अंबाजोगाईला कॉलेजात शिकत होतो आणि ताप येऊन गेल्यामुळे आठ-दहा दिवस घरी होतो. पेपर दुपारच्या एस.टी.ने यायचा. पारावर पंधरा-वीस माणसे जमायची. त्या दिवसांत विषय एकच होता : स्कायलॅब.

अमेरिकेने १४ मे १९७३ रोजी अंतराळात सोडलेली ही ७७ टनांची प्रयोगशाळा. शेवटचे अंतराळवीर फेब्रुवारी १९७४ मध्ये तिथून परतले आणि तेव्हापासून ती रिकामीच पृथ्वीभोवती फिरत होती. पुढे सूर्यावरच्या हालचाली अंदाजापेक्षा वाढल्या, वातावरणाचे वरचे थर फुगले आणि त्यांच्या घर्षणाने ती खाली उतरू लागली. तिला पुन्हा वर ढकलायला जे स्पेस शटल जायचे होते, ते वेळेवर तयारच झाले नाही.

ही कारणे मला पुष्कळ पुढे कळली. पारावर मी वाचले ते एवढेच, की ती पडणार आहे आणि कुठे पडेल ते कुणालाच सांगता येत नाही. वाचताना आवाज चढवत होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही. जगातल्या कुणा ना कुणा माणसाला इजा होण्याची शक्यता १५२ त एक, आणि ठरावीक एका माणसाला इजा होण्याची शक्यता सहाशे अब्जांत एक, असे नासाने जाहीर केले होते. हे आकडे त्या पेपरात असतीलही. मी ते वाचल्याचे मला आठवत नाही. आकडे ऐकायला पारावर कोण बसते?

माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणत असू, त्यांनी मात्र एक प्रश्न विचारला.

"कुनाची हाय रं ती?"

"अमेरिकेची."

"अन् आपल्यावर पडली, तर भरून कोन देनार?"

मला उत्तर आले नाही. लोक हसले. आण्णा हसले नाहीत. गावात कुणी कोंबड्या कापून खाल्ल्या, कुणी लेकीला सासरहून आणले. आण्णांनी आपली बैलजोडी बाजारात नेली आणि जवळजवळ निम्म्या भावात विकली. का, तर सावकाराचे देणे होते. "देनं डोक्यावर घिऊन जायचं न्हाई," एवढेच ते मोठ्या आईला म्हणाले.

११ जुलैच्या रात्री सगळे गाव अंगणात जागे होते. स्कायलॅब पडली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात, एस्परन्स नावाच्या गावाच्या आसपास विखुरले. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी रेडिओवर कळले. आण्णा कर्जमुक्त झाले होते, पण पेरणीला बैल नव्हते. दुसऱ्याच्या औताची वाट पाहण्यात वाफसा गेला, आणि दिवाळीनंतर नवी जोडी घ्यायला ते पुन्हा त्याच सावकाराच्या ओसरीवर गेले. मला ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

मी पुढे बँकेत अधिकारी झालो. तीसेक वर्षे खातेवह्या, थकबाकी, वसुलीचे दौरे. मधल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत आण्णा कुठे ना कुठे येतातच. निवृत्तीनंतर गावच्या घरी राहायला आलो आणि तो जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला.

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा होता. गुढी उतरवून झाली होती, जेवायला अवकाश होता, म्हणून माळवदावर गेलो. पावणेआठच्या सुमारास उत्तरेला, खालच्या अंगाला, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक जळती रेघ सरकत गेली. उल्का एका क्षणात विझते; ही सावकाश चालली होती आणि तिचे तुकडे एकामागे एक, दिंडीतल्यासारखे चालले होते. विदर्भ, खानदेश, मराठवाडा, शेजारचा मध्य प्रदेश, सगळीकडे लोकांनी ती पाहिली. त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून एक रॉकेट उडाले होते, त्याचाच हा भाग असावा असा काहींचा कयास होता. तो खरा ठरला नाही. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या 'लाँग मार्च ३ बी' रॉकेटचा तिसरा टप्पा खाली आला होता, असे जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने कक्षांचा हिशेब जुळवून सांगितले. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. आसपासच्या गावांत धातूचे गोळे सापडले. ते रॉकेटमधल्या दाबाखालच्या वायूच्या टाक्यांचे होते. सुदैवाने कुणाला काही झाले नाही. पोलिसांनी वस्तू जमा केल्या, इस्रोचे लोक येऊन पाहून गेले.

आमच्या गावापासून सिंदेवाही सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आसपास. कक्षेत फिरणारी वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटर जाते, म्हणजे हे अंतर एका मिनिटाच्या आतले. पडण्याचे ठिकाण आधी का सांगता येत नाही, ते यातच आले. रडार आणि दुर्बिणी प्रत्येक वस्तूवर सतत डोळा ठेवत नाहीत. ती अधूनमधून दिसते, मधल्या वाटेचे गणित मांडावे लागते. वातावरण रोज थोडे फुगते, थोडे आकसते. आदल्या दिवशी वर्तवलेली वेळ काही तासांनी चुकू शकते, आणि तासाला ही वस्तू सत्तावीस हजार किलोमीटर तोडते. एवढ्या चुकीत पृथ्वीची अर्ध्याहून अधिक फेरी बसते.

तरी खातेवही आहे, हे मला बँकवाल्याला फार मोलाचे वाटते. अमेरिकेच्या लष्कराने ती ठेवली आहे. अनुक्रमांक १ हा ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिकला वर नेणाऱ्या रॉकेटचा, स्पुटनिकचा क्रमांक २. दोन्ही खाती तीन महिन्यांत बंद झाली. क्रमांक ५ मात्र अजून उघडे आहे : मार्च १९५८ मध्ये सोडलेला व्हॅनगार्ड. १९६४ पासून त्याचा आवाज नाही, पण फिरतो आहे. आमच्या भाषेत निष्क्रिय खाते. आज नजरेखाली असलेल्या वस्तूंची संख्या चाळीस हजारांच्या घरात आहे. त्यांत कामाचे उपग्रह साधारण चौथा हिस्सा. बाकीचे मेलेले उपग्रह, रॉकेटचे टप्पे आणि स्फोटांतले तुकडे. या वहीत प्रत्येक वस्तूपुढे मालकाचे नाव असते, पण येणे-देणे लिहायला रकाना नाही.

तो रकाना दुसरीकडे आहे. १९७२ चा एक आंतरराष्ट्रीय करार सांगतो, की अंतराळातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान झाले, तर वस्तू सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यावी, चूक कुणाची हा वाद न घालता. म्हणजे आण्णांनी पारावर विचारले तेव्हा उत्तर सात वर्षे आधीच छापलेले होते! पण मागणी सरकारने सरकारकडे करायची असते, तीही साधारण वर्षभरात. जानेवारी १९७८ मध्ये रशियाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. कॅनडाने सुमारे साठ लाख डॉलर मागितले. १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. अशा तडजोडी मी पुष्कळ केल्या आहेत. फरक इतकाच, की माझ्यासमोर बसलेला माणूस सहसा धोतराच्या सोग्याने घाम पुसत असे.

एस्परन्सच्या नगरपालिकेने तर अमेरिकेला रस्त्यात कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला. थट्टेतच, पण ठोठावला. तो तीस वर्षे थकला. अखेर २००९ मध्ये एका अमेरिकन रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी गोळा करून भरला.

आपणही या वहीत आहोत. २००१ मध्ये आपल्या पीएसएलव्ही-सी ३ चा शेवटचा टप्पा कक्षेत फुटला आणि त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर वाहून आलेला मोठा नळकांड्यासारखा भाग पीएसएलव्हीचाच निघाला. पुन्हा बिचारे पश्चिम ऑस्ट्रेलिया! पण त्याच वर्षी ७ मार्चला इस्रोने मेघा-ट्रॉपिक्स हा उपग्रह उरलेले इंधन वापरून, जागा ठरवून, पॅसिफिक महासागरावर खाली आणला. तो बांधला गेला तेव्हा असे काही करण्याची सोय त्यात ठेवलेली नव्हती, म्हणून हे काम अवघड होते. २०३० पर्यंत आपली एकही मोहीम मागे कचरा ठेवणार नाही, असे इस्रोने ठरवले आहे. मला मेघा-ट्रॉपिक्सची ती बातमी चांद्रयानाइतकीच महत्त्वाची वाटली. स्वतः होऊन खाते बंद करायला येणारा खातेदार मी फार थोडा पाहिला आहे.

गेल्या हिवाळ्यात आण्णांचा पणतू माळवदावर मोबाइल घेऊन आला. आठवीत आहे. म्हणाला, "आजोबा, सहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी अंतराळ स्थानक दिसणार, वायव्येकडून." घड्याळ लावून बसलो. मिनिटावर आले. शुक्रापेक्षा ठळक, न लुकलुकता, डोक्यावरून गेले. २०२५ च्या जूनमध्ये आपला शुभांशु शुक्ला त्यातच राहायला गेला होता, हे त्यानेच मला सांगितले. वजन विचारले, तर सव्वाचारशे टनांच्या आसपास निघाले. स्कायलॅबच्या पाचपटीहून जास्त.

"हे पण पडणार का?"

मी म्हणालो, पाडणार आहेत. २०३० नंतर, ढकलून, पॅसिफिकच्या निर्जन भागात. त्यासाठी वेगळे यान बनवायला दिले आहे. मग त्याला आण्णांच्या बैलांची गोष्ट सांगितली, पेपर कोणी वाचला होता ते न वगळता. त्याने मध्येच विचारले, "जोडी कितीला गेली होती?" मी सांगितले. आजच्या भावात ती किती होईल, याचा हिशेब तो मोबाइलवर करत बसला. तोपर्यंत स्थानक पूर्वेकडे उतरता उतरता पृथ्वीच्या सावलीत शिरून दिसेनासे झाले होते.

"उद्या पण येणारे," तो म्हणाला. "आजच्यापेक्षा लवकर."

खालून जेवायची हाक आली.