ऊन सर्वांचे, छप्पर कोणाचे?

गोव्यातल्या मोपाच्या सड्यावरच्या विमानतळाचे डिसेंबर 2022 मध्ये उद्घाटन झाले, तेव्हा त्याच्या 5 मेगावॅटच्या सौर प्रकल्पाचेही कौतुक झाले. घरटी 3 किलोवॅट धरले तर ही सोळाशेहून जास्त छपरांची वीज. आता सड्याखालच्या कासारवर्णे, चांदेल, वारखंडातल्या घरांचा हिशेब पाहू.

केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, असे जास्तीत जास्त 78 हजार रुपये अनुदान मिळते. किलोवॅटमागे साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात. दुपारी पंखा-फ्रिजपुरती वीज घरात खपते, उरलेली खांबावरच्या तारांत जाते. रात्री तीच तार आपल्याला वीज देते. मीटर येणे-जाणे दोन्ही मोजते आणि युनिटांचे बिल फरकाचे येते. स्थिर आकार मात्र सुटत नाही. जुलैत ढग दाटले की उत्पादन घसरते, तेव्हा एप्रिल-मेचे शिल्लक युनिट कामी येतात.

विकणारा सहसा सांगत नाही ती गोष्ट वेगळीच. पावसात झाड पडून लाइट गेली, तर बॅटरी नसलेले पॅनेलही बंद पडते, भर दुपारीसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप वीज तोडतो.

खरी गोम मात्र कागदात आहे. अनुदान पॅनेल बसल्यावर खात्यात येते. आधीचा खर्च स्वतःचा, नाहीतर कर्जाचा. घर आणि वीजजोडणी अर्जदाराच्या नावावर हवी. मुंडकाराचे घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत. 1975 च्या मुंडकार कायद्यामुळे त्याला सहजासहजी हुसकावता येत नाही, पण मामलेदाराकडचे घराच्या हक्काचे प्रकरण निकाली निघेपर्यंत घराची कागदपत्रे जमत नाहीत. भाडेकरूला तर छप्परच नाही. शिवाय जुन्या कौलांवर माडा-फणसाची सावली. अनुदान सगळ्यांच्या करातून जाते आणि पोचते ते स्लॅबवाल्याकडे, हे मला पटत नाही.

वाट आहे. शाळेच्या किंवा पंचायतीच्या छपरावर सामाईक पॅनेल बसवायचे आणि प्रत्येक सभासदाच्या बिलातून त्याच्या वाट्याचे युनिट वजा करायचे. याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने त्याचे नियम 2019 मध्येच केले. आपल्या ग्रामसभेत हा विषय मांडायला हरकत नाही.

स्वतःच्या छपरासाठी अर्ज करणार असाल, तर आधी लाइट बिल काढून नाव वाचा. ते अजून आजोबांच्या नावावर असेल, तर पहिला अर्ज नावबदलीचा करा.